पक्षाघातानंतर चालण्याची थेरपी निवडताना या चुका टाळा

‘मशीनवर चालवतात तिथे नेऊ, की घरीच फिजिओ लावू?’ पॅरालिसिसचा अटॅक येऊन गेलेल्या माणसाच्या घरी डिस्चार्जनंतर हा प्रश्न पहिल्या आठवड्यातच निघतो. पाठोपाठ सल्ले सुरू होतात. मावसभावाच्या सासऱ्यांना रोबोटवर चालवलं होतं, कोणाला करंटने फरक पडला, कोणाला कुठल्याशा गावच्या तेलाने. भाव, अंतर आणि ऐकीव गुण यांचा हिशोब करून घरचे निर्णय घेतात. निकाल मात्र दुसऱ्याच दोन गोष्टींवर ठरतो, आणि त्या कोणी विचारत नाही: माणूस आज स्वतःच्या पायावर किती चालू शकतो, आणि एका सत्रात त्याची पावलं किती पडतात.

न्यूरो-फिजिओथेरपीच्या कामात ज्या चुका सतत दिसतात त्या इथे लिहितो आहे. काही थेरपी निवडतानाच्या आहेत, काही निवडून झाल्यानंतरच्या. तुमच्या रुग्णाला नेमकं काय लागू पडेल हे त्याला तपासूनच ठरेल, पण तपासणाऱ्याला काय विचारायचं ते वाचून नक्की कळेल.

महाग मशीन म्हणजे चांगली थेरपी

या विषयावरचा सगळ्यात बोलका अभ्यास अमेरिकेत झाला आणि २०११ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. त्याचं नाव लीप्स. त्यात पक्षाघात झालेले ४०८ लोक होते आणि त्यांचे तीन गट केले होते. पहिल्या गटाला अटॅकनंतर दोन महिन्यांनी ट्रेडमिलवर चालवलं. छातीला पट्टे बांधून वजनाचा काही भार वर उचलून धरायचा, आणि थेरपिस्टनी पाय टाकायला मदत करायची, अशी ही पद्धत. दुसऱ्या गटाला हेच उपचार सहा महिन्यांनी दिले. तिसऱ्या गटाच्या घरी फिजिओथेरपिस्ट गेले आणि त्यांनी ताकदीचे, तोल सांभाळण्याचे व्यायाम करून घेतले. घरचा गट खरं तर तुलनेपुरता ठेवलेला होता, ट्रेडमिल सरस ठरेल अशीच अपेक्षा होती.

वर्षअखेर सगळ्यांतले ५२ टक्के लोक चालण्याच्या आधीच्या पातळीवरून वर सरकले होते, आणि तिन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. उलट ज्यांची चाल फारच बिघडलेली होती त्यांच्यापैकी लवकर ट्रेडमिलवर चढवलेल्यांमध्ये पुन्हा पुन्हा पडणारे जास्त निघाले.

हे ऐकून लोक सुटकेचा श्वास टाकतात: ‘म्हणजे घरीच करू, बरं झालं.’ इथे थांबा. त्या अभ्यासातलं ‘घरी’ म्हणजे आठवड्यातून दोनदा येऊन वीस मिनिटं पाय वर-खाली करून जाणं नव्हतं. घरच्या गटालाही ट्रेडमिलच्या गटाइतकीच सत्रं मिळाली होती: ३६ सत्रं, प्रत्येक दीड तासाचं, साधारण तीन-चार महिन्यांत, आणि व्यायाम टप्प्याटप्प्याने अवघड होत जाणारे. जागा आणि यंत्र बदललं, मेहनत तेवढीच राहिली.

आता रोबोट. लोकोमॅटसारख्या यंत्रात पायांना बाहेरून धातूचे सांधे बांधतात आणि मोटर पाय पुढे नेते. बघायला प्रभावी वाटतं, व्हिडिओही छान येतो. २००८ मध्ये शिकागोच्या संशोधकांनी अटॅकला बराच काळ लोटलेल्या, पण चालू शकणाऱ्या ४८ लोकांची तुलना केली. त्यात रोबोटपेक्षा थेरपिस्टने हाताने मदत करत ट्रेडमिलवर चालवलेले जास्त सुधारले. पुढच्याच वर्षी, अटॅकला सहा महिनेही न झालेल्या ६३ लोकांवरच्या अभ्यासात लोकोमॅटपेक्षा नेहमीची, जमिनीवरची चालण्याची थेरपी वेग आणि अंतर दोन्हींत पुढे राहिली. कारण समजायला अवघड नाही. यंत्र पाय नेऊन देतं तेव्हा माणसाला कमी जोर लावावा लागतो आणि चुकायला वावच उरत नाही. मेंदू शिकतो तो चूक करून ती सावरताना.

मग रोबोट निरुपयोगी का? नाही, आणि तुलनेतला खरा मुद्दा इथेच आहे. जो अजून उभाच राहू शकत नाही, ज्याला दोन पावलं टाकायला तीन माणसं लागतात, त्याच्यासाठी अशी यंत्रं कामाची आहेत. जगभरातले अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यानुसार फिजिओथेरपीच्या जोडीला यंत्र वापरलं तर रुग्ण आधाराशिवाय चालू लागण्याची शक्यता वाढते, आणि हा फायदा मुख्यतः पहिल्या तीन महिन्यांतल्या आणि स्वतः चालता न येणाऱ्या लोकांना होतो. साध्या ट्रेडमिलचं जवळपास उलटं आहे. ५६ अभ्यास आणि ३,१०५ लोक घेतलेल्या २०१७ च्या आढाव्यात ट्रेडमिलमुळे न चालणारे चालू लागण्याची शक्यता वाढलेली दिसली नाही, पण चालणाऱ्यांचा वेग आणि दम थोडा वाढला.

म्हणून बाबा काठी घेऊन हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात असतील तर रोबोटच्या पॅकेजसाठी मुदतठेव मोडू नका. अमेरिकेतल्या न्यूरो-फिजिओथेरपिस्टांच्या अकादमीने २०२० मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचना तर स्पष्टच सांगतात की, अटॅकला सहा महिने उलटलेल्या आणि चालू शकणाऱ्या माणसाचा वेग किंवा अंतर वाढवायचं असेल तर रोबोट आणि वजन उचलून धरणारी ट्रेडमिल वापरू नये. बाबांना अजून पलंगावरून उठवतानाच दोघे लागत असतील, तर मात्र असं यंत्र असलेलं केंद्र जवळ आहे का याची चौकशी जरूर करा.

सत्राची मिनिटं मोजणं, पावलं न मोजणं

एक तासाचं सत्र. त्यातली पंधरा मिनिटं शेक, पंधरा मिनिटं करंट, दहा मिनिटं थेरपिस्टने पाय हलवून देणं, मग हात, मग पेडलची सायकल आणि शेवटी ‘चला, जरा चालून दाखवा’. दारापर्यंत आणि परत. तासाचे पैसे दिले जातात, चालण्याचा सराव होतो तीन मिनिटं.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. २००९ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या केंद्रांत थेरपिस्टशेजारी बसून निरीक्षकांनी हालचाली मोजल्या. चालण्याचा सराव ज्या सत्रांत झाला, त्यांत सरासरी ३५७ पावलं पडली. निरोगी माणूस दिवसाकाठी हजारो पावलं टाकतो, त्यापुढे हा आकडा फारच तोकडा आहे.

पावलं वाढवली तर काय होतं? कॅनडात रुग्णालयात दाखल असलेल्या ७५ रुग्णांवर हा प्रयोग झाला आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. पायाला सेन्सर, हृदयगतीवर नजर आणि सत्रागणिक पावलं वाढवायची, एवढंच. नवीन यंत्र काही नव्हतं. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा हे लोक सहा मिनिटांच्या चाचणीत सुमारे ६० मीटर जास्त चालले.

पावलांच्या जोडीला जोर हवा. २०२३ मधला एक अभ्यास बघा. अटॅकला सहा महिने ते पाच वर्षं झालेले ५५ लोक, आठवड्यातून तीनदा पाऊण तास, बारा आठवडे. एका गटाने मध्यम गतीने सलग चालायचं. दुसऱ्याने थोडा वेळ जमेल तितकं जोरात, मग विश्रांती, पुन्हा जोरात. सहा मिनिटांच्या चाचणीत मध्यम गटाचं अंतर २७ मीटरने वाढलं, जोरात चालणाऱ्यांचं ७१ मीटरने. पण या लोकांची हृदयतपासणी आधी झाली होती आणि सगळं प्रशिक्षित नजरेखाली चालू होतं. हे वाचून उद्या सकाळी आजोबांना सोसायटीच्या आवारात पळवायला घेऊ नका.

घरापुरती खूण अशी: चालताना श्वास वाढला पाहिजे, बोलता आलं पाहिजे, पण गप्पा मारता येता कामा नयेत. घड्याळावर नाडी मोजत असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. बीपीसाठी बीटा ब्लॉकर गटाची गोळी चालू असेल (नावाच्या शेवटी बहुधा ‘लोल’ येतं) तर कितीही दमलं तरी नाडी फारशी वाढत नाही. आकडा कमी दिसतो म्हणून जोर वाढवत गेलं तर ते अंगलट येऊ शकतं. अशांनी दम किती लागतो यावरच भिस्त ठेवावी.

नवं केंद्र बघायला गेलात की एवढंच विचारा: ‘एका सत्रात हे स्वतः किती पावलं टाकतील?’ उत्तर आकड्यात आलं तर उत्तम. उत्तराऐवजी मशीनची यादी आली तर समजून जा.

‘आधी चाल नीट होऊ दे, मग चालवू’

आपल्याकडच्या फिजिओथेरपीवर बोबाथ पद्धतीचा मोठा प्रभाव आहे. बर्टा आणि कारेल बोबाथ या जोडप्याने लंडनमध्ये विसाव्या शतकाच्या मध्याला ती घडवली. ताठरलेल्या स्नायूंना आधी सैल करायचं, चुकीच्या हालचाली रोखायच्या, योग्य हालचाल थेरपिस्टच्या हातांनी घडवून आणायची, असा तिचा मूळ गाभा. त्या काळी ही मोठीच झेप होती, कारण तोवर लुळ्या बाजूवर काही काम करायचं असतं हेच फारसं मान्य नव्हतं.

पण या विचाराचा एक दुष्परिणाम घराघरांत दिसतो: ‘वाकडं चालायची सवय लागेल’ या भीतीने माणसाला महिनोन्महिने चालूच न देणं. २०२० मधल्या एका पद्धतशीर आढाव्याने पायाच्या कामांसाठी बोबाथची तुलना थेट त्या-त्या कामाच्या सरावाशी केली. चालणं सुधारायला चालण्याचाच सराव सरस ठरला. थोडं वाकडं, थोडं लंगडत, पण सुरक्षित आणि भरपूर चालणारा माणूस, खाटेवर पडून परिपूर्ण हालचालीची वाट बघणाऱ्यापेक्षा पुढे जातो.

हेच खुर्चीतल्या पेडल सायकलला लागू. दमासाठी चांगली आहे, पण ती चालण्याची जागा घेत नाही. बसून केलेल्या व्यायामात तोल सांभाळायचा प्रश्नच येत नाही.

घाई आणि उशीर

पहिल्या चोवीस तासांत जितकं जास्त उठवाल तितकं बरं, असं बरीच वर्षं मानलं जात होतं. अव्हर्ट या २,१०४ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने २०१५ मध्ये ते तपासलं. पहिल्या २४ तासांत सुरुवात करून वरचेवर, जास्त वेळ उठवलेल्या गटात तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत असलेले ४६ टक्के होते, नेहमीच्या गटात ५० टक्के. याचा अर्थ पडून राहावं असा नाही, कारण नेहमीच्या गटातल्या निम्म्याहून जास्त जणांनाही पहिल्या दिवसातच उठवलं होतं. अर्थ एवढाच की अगदी सुरुवातीला थोडं-थोडं उठवायचं, आणि तेही वॉर्डातल्या लोकांनी ठरवल्याप्रमाणे. भेटायला आलेल्या काकांनी ‘उठ, हिंमत धर’ म्हणून हाताला धरून उभं करू नये.

उशिराची चूक याहून जास्त नुकसान करते. ‘तीन महिन्यांत जे व्हायचं ते होतं, नंतर काही नाही’ असं कोणीतरी सांगतं आणि व्यायाम सुटतो. पहिल्या तीन महिन्यांत वेग जास्त असतो हे खरं. पण लीप्समध्ये सहा महिन्यांनी सुरुवात केलेला गटही वर्षअखेर बाकीच्यांच्या बरोबरीला आला, आणि जोरात चालण्याच्या अभ्यासात तर पाच वर्षं झालेले लोकही घेतले होते. सहा महिन्यांनंतर प्रगती खुंटलेली दिसली की आधी बघा, व्यायाम तोच आणि तेवढाच तर राहिला नाही ना.

पाऊल लटकतंय आणि स्प्लिंट कपाटात

पायाचा पंजा वर उचलला जात नाही, चालताना बोटं जमिनीला घासतात. याला सगळे फूट ड्रॉप म्हणतात. यावर दोन मुख्य उपाय आहेत: प्लास्टिकचा स्प्लिंट, म्हणजे एएफओ, किंवा गुडघ्याखाली बांधायचं छोटं यंत्र, जे पाऊल उचलायच्या क्षणी नसेला विजेचा हलका झटका देऊन पंजा वर उचलतं. दुसरं कैक पटींनी महाग.

दोन्हींची थेट तुलना झालेली आहे. १९७ लोकांच्या एका अभ्यासात तीस आठवड्यांनंतर दोन्ही गटांचा वेग वाढला आणि दोघांत फरक नव्हता. समाधान मात्र विजेचं यंत्र वापरणाऱ्यांना जास्त वाटलं. म्हणजे परवडत असेल आणि हौस असेल तर घ्या. परवडत नसेल तर स्प्लिंट घेतल्याने चालण्यात काही गमावत नाही.

‘स्प्लिंटने पाय आळशी होईल’ ही समजूत सोडून द्या. बोटं घासत चालणारा माणूस कमी चालतो आणि पडतो.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि परदेशी पुस्तकांत ती सापडत नाही. स्प्लिंट बुटात घालण्यासाठी बनवलेला असतो आणि आपण घरात बूट घालत नाही. नुसता प्लास्टिकचा तळ फरशीवर सटकतो, म्हणून लोक तो फक्त बाहेर जाताना घालतात. म्हणजे दिवसातला बहुतेक वेळ पाय लटकताच. उपाय सोपा आहे: स्प्लिंट बनवणाऱ्याकडूनच तळाला रबरी सोल चिकटवून घ्या, किंवा घरात वापरायला एक जोड कॅनव्हासचे बूट वेगळे ठेवा. देवघरात बूट कसे न्यायचे हा प्रश्न आला तर देवाला खुर्चीवरून, दारातून नमस्कार पोचतो. मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे, तिथे स्प्लिंट बनवून आणि बसवून मिळतात. तयार मापाचा स्प्लिंट मेडिकलमधून आणण्यापेक्षा पायावर मापून केलेला बरा. रोज काढल्यावर कातडीवर लाल डाग राहतो का बघा, विशेषतः मधुमेह असेल तर, कारण त्या पायाला टोचलेलं कळतच नाही.

हवाई चप्पल मात्र आजच बाहेर ठेवा. लुळ्या पायाची बोटं ती धरून ठेवू शकत नाहीत. मागे पट्टा असलेली सँडल घ्या. आईला साडी नेसायचीच असेल तर घोटा दिसेल इतकी वर नेसवा. नाहीतर काही महिने गाऊन किंवा सलवार. कुरकुर होईल, पण निरीत पाय अडकून खुबा मोडण्यापेक्षा परवडलं.

हात ओढून उठवणं, काठी भलत्याच हातात

हे तीन नियम भिंतीवर लिहून ठेवावेत इतके साधे आहेत आणि तरी रोज मोडतात.

लुळा हात धरून किंवा त्या काखेत हात घालून उचलू नका. त्या खांद्याभोवतीचे स्नायू ढिले असतात आणि ओढल्याने सांधा खाली सरकतो. मग खांदेदुखी सुरू होते आणि त्या दुखण्यापायी चालण्याचा व्यायामही बंद पडतो. कमरेला रुंद कापडी पट्टा बांधा आणि तो धरा.

काठी चांगल्या बाजूच्या हातात. लुळ्या बाजूला काठी द्यावी असं सगळ्यांना मनातून वाटतं, पण तो हात काठी धरणार कसा? उंची अशी की हात सरळ खाली सोडल्यावर मूठ मनगटाच्या रेषेत यावी. आजोबांच्या जुन्या काठ्या बहुतेक वेळा लांब असतात, त्या कापून घ्या. सुरुवातीला चार पायांची काठी ठीक.

तुम्ही लुळ्या बाजूला, किंचित मागे उभे राहा. समोर उभं राहून दोन्ही हात धरून मागे-मागे चालणं हे लहान मुलांसाठी.

एक प्रकार मात्र वेगळा आहे आणि घरचे त्यात पार गोंधळतात. काही रुग्ण, विशेषतः डावी बाजू गेलेले, चांगल्या हातापायाने स्वतःलाच लुळ्या बाजूकडे ढकलतात. त्यांच्या मेंदूला सरळ म्हणजे कुठे हेच उलटं कळत असतं. आपण त्यांना मधे आणायला ढकललं की ते आणखी जोरात उलट ढकलतात. ‘मुद्दाम करतायत’ असं समजून भांडणं होतात. अशा वेळी ढकलू नका. चांगली बाजू भिंतीला किंवा ओट्याला लागेल असं उभं करा आणि ‘त्या भिंतीला खांदा टेकवा’ असं सांगा. दाराची चौकट, खांब, कपाटाची कड अशी डोळ्यासमोरची उभी रेष दाखवा. बहुतेकांत हे हळूहळू सुटतं.

तसंच डाव्या बाजूचं भानच नसणं. ताटातल्या डावीकडच्या भाजीला हात न लावणारा माणूस चालताना डावा खांदा दाराला आपटणारच. त्याला ‘बघून चाला’ म्हणून उपयोग नाही. दाराशी थांबून डावी चौकट हाताने दाखवायला लावा, मग पाऊल.

सगळं घरच्यांवर सोडणं

याची चाचणी आपल्याच देशात झाली आहे. अटेंड नावाच्या अभ्यासात भारतातली १४ रुग्णालयं आणि १,२५० रुग्ण होते, आणि २०१७ मध्ये तो ‘लॅन्सेट’मध्ये आला. एका गटात घरच्या माणसाला रुग्णालयातच रोज सुमारे तासभर, साधारण तीन दिवस, व्यायाम शिकवले आणि घरी करून घ्यायला सांगितले. दुसऱ्या गटाला नेहमीचेच उपचार मिळाले. सहा महिन्यांनी मृत किंवा परावलंबी असलेल्यांचं प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्के. काडीचा फरक नाही.

घरच्यांनी काही करू नये, असा याचा अर्थ नाही. थेरपिस्टऐवजी सुनेला तीन दिवस शिकवून भागत नाही, एवढाच आहे. कोणी तरी नियमित येऊन अवघडपणा वाढवत न्यायला हवा. रोज परवडत नसेल तर पंधरवड्यातून एकदा तपासणी आणि मधल्या दिवसांचा लेखी कार्यक्रम, हे तरी ठेवा. सरकारी आणि महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांतल्या फिजिओथेरपी ओपीडीत गर्दी असते, पण शुल्क नाममात्र असतं आणि विद्यार्थी हाताशी असल्याने चालायला धरायला माणसं मिळतात.

तेल, स्टेम सेल आणि इतर

मालिशने बरं वाटतं, चाल सुधारत नाही. एक धोका मात्र आहे: लुळ्या पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दुखू लागली तर ती शिरेत रक्ताची गाठ झाल्याची खूण असू शकते. तिथे मालिश करायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

स्टेम सेलचे लाखांचे पॅकेज विकणारे दवाखाने आहेत. हाडातल्या मगजातून काढलेल्या पेशी शिरेतून देण्याचा प्रयोग भारतातच पाच केंद्रांत, १२० रुग्णांवर झाला आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. अपाय दिसला नाही, फायदाही दिसला नाही. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा पेशी पक्षाघातासाठी संशोधनाबाहेर, पैसे घेऊन देणं मान्य नाही.

न मोजता ‘फरक आहे’ म्हणणं

फोनमधलं घड्याळ आणि जमिनीवर खडूच्या दोन रेघा पुरतात. दहा मीटर सरळ जागा शोधा, जिन्यासमोरचा पॅसेज किंवा गच्ची. नेहमीच्या गतीने चालायला लावा. पंचवीस सेकंद लागले तर वेग सेकंदाला ०.४ मीटर. त्याखालचा माणूस साधारण घरापुरता चालतो. साडेबारा सेकंद म्हणजे ०.८ मीटर, त्यापुढे बाजार, बँक, बसथांबा आवाक्यात येऊ लागतात. महिन्यातून एकदा, तीच जागा, तीच काठी, तेच बूट. सुरुवातीच्या महिन्यांत वेग ०.१६ मीटरने वाढला तर तो रुग्णाला स्वतःला जाणवण्याइतका फरक मानतात. दोन महिने आकडा हलला नाही तर थेरपी बदलण्याआधी पावलं आणि जोर वाढवून बघा.

चालताना अडलं तर

गुडघा मागे झटकत असेल तर मांडी दुबळी असेल, किंवा पोटरी आखडली असेल. दुसऱ्या कारणावर पोटरी ताणणं आणि बुटात टाचेखाली छोटी पट्टी टाकणं याने लगेच फरक दिसतो. स्प्लिंटचा कोनही तपासून घ्या.

पाऊल आत वळून कडेवर पडत असेल तर ताठरपणाचा भाग मोठा असतो. पोटरीत बोटॉक्सचं इंजेक्शन देतात, त्याने पाय जमिनीवर सपाट टेकतो, पण चालण्याचा वेग आपोआप वाढत नाही. इंजेक्शननंतरचे आठवडे व्यायामाशिवाय गेले तर पैसे पाण्यात.

ताठरपणाची गोळी वाढवल्यापासून पाय लटपटतोय? हे होतं. दुबळा पाय ताठरपणाच्या जोरावरच उभा असतो आणि गोळी तो आधार काढून घेते. डॉक्टरांना सांगा, पण बॅक्लोफेन (ताठरपणावरची एक गोळी) स्वतःहून एकदम बंद करू नका, त्याने झटके येऊ शकतात.

उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर बसल्यावर आणि उभं राहिल्यावर असे दोन्ही वेळचे बीपी मोजून ठेवा. बऱ्याचदा गोळ्यांची वेळ बदलून भागतं.

बोलायला लागले की चालायचे थांबत असतील तर अजून चालण्याला पूर्ण लक्ष लागतंय. आत्ता गप्पा नकोत. चाल पक्की झाल्यावर मात्र मुद्दाम बोलत चालवा, हातात रिकामा पेला द्या, कारण रस्त्यावर कोणी गप्प राहणार नाही.

जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना लुळा पाय आधी.

छातीत दुखणं, घाम फुटणं, न थांबणारी धाप यांपैकी काहीही झालं तर त्या दिवशीचा व्यायाम तिथेच संपला, डॉक्टरांना कळवा. आणि चेहरा नव्याने वाकडा झाला, बोलणं अडखळलं, दुसरा हात किंवा पाय गळाला, तर ‘जुनंच असेल’ म्हणून झोपवून ठेवू नका. १०८ ला फोन करा आणि लक्षणं किती वाजता सुरू झाली ते लिहून घ्या. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन बहुतेक वेळा साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि रुग्णालयात सगळ्यात आधी तीच वेळ विचारतात.